सरांचा सेट

बारामतीत कॉलेजच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा. त्यात तेव्हा दोन मशीन, स्पायरलचं एक, कागद कापायचं एक, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभी मी. पणदऱ्याची, कोऱ्हाळे बुद्रुकची पोरं एसटीतून उतरली की आधी माझ्याकडं यायची, मग वर्गात. नरसिंहपुराकडची काही खोली करून राहिलेली, ती तर दिवसातून तीनदा. मी फटकळ आहे, हे सगळ्या कॉलेजला माहीत. रांगेत कुणी गप्पा हाणायला लागलं की मी म्हणायची, "लग्नाला आलायस व्हय रे?" पोरं हसायची आणि पुढं सरकायची. पण एक पान तिरकं निघालं तरी मी ते फाडून दुसरं द्यायची, हेही त्यांना माहीत होतं.

आता सरांचा सेट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आलं. सर भूगोल शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलेला. अभ्यासक्रम बदलला की नव्या विषयाची मराठीत पुस्तकं धड मिळायची नाहीत. मिळायची ती जाडजूड, महाग, आणि लायब्ररीत एकच प्रत, तीसुद्धा कपाटाबाहेर न जाणारी. मग सर स्वतः बसून निवडायचे. ह्या पुस्तकातली दोन प्रकरणं, त्यातलं एक, तिसऱ्यातले थोडे नकाशे. चिठ्ठ्या घालून पुस्तकं माझ्या काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "सेट कर." मी पाठपोट काढून एक मास्टर कॉपी प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवायची. पोरं येऊन "सरांचा सेट द्या" म्हणायची, मी द्यायची. सगळ्या प्राध्यापकांचं असंच चालायचं. कुणी कधी लिहून दिलं नाही, मी मागितलं नाही. सरांकडं लेखी मागायचं? जीभ झडली असती माझी.

अख्खं पुस्तक मात्र मी करत नव्हते. स्पर्धा परीक्षेच्या अकॅडमीवाले जाड गाइड घेऊन यायचे, म्हणायचे पन्नास प्रती काढून द्या. मी म्हणायची, ज्यानं लिहिलं त्याला पोट नाही का? पलीकडच्या गल्लीत एक दुकान होतं, तिथं गाइडच्या थप्प्या तयार असायच्या. त्यांना मी तिकडं पिटाळायची. मला कायदा कळत होता म्हणून नव्हे. काउंटरवर लोकाचं गाइड विकायचं ते मला चोरीचं वाटायचं आणि सरांनी वर्गासाठी निवडलेली पानं काढून द्यायची ते शिकवण्याचं वाटायचं, एवढंच.

माझा धाकटा भाऊ तेव्हा दुकानात बसायचा. आमचं घर इंदापूर तालुक्यातल्या कोरड्या बाजूला. उसाचा भाग संपतो, माळ सुरू होतो, तिथं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, मग मीच त्याला दामटून दामटून मोठा केला. त्याला एकच वेड, तो माळ. चिंकारा कुठं बसतो, लांडग्यानं पिल्लं कुठं घातलीत, सगळं त्याच्या तोंडावर. वनरक्षकाची भरती निघाली की अर्ज करायचा, आणि एका-दोन मार्कानं राहायचा. शेवटी ज्या साली त्याचं वय बसत होतं त्या शेवटच्या साली तो निवडला गेला. धावणं झालं, मेडिकल झालं, कागदपत्रं झाली. राहिली होती फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. ती आली की ऑर्डर हातात. तोवर काय करायचं, म्हणून माझ्या मशीनवर.

आबा, म्हणजे आमचे वडील, जन्मभर पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीनं सोडायचं, आणि ज्याची पाळी नाही त्याच्या शिव्या खायच्या. पोराची निवड झाली तेव्हा त्यांनी विहारात पेढे वाटले, मग गावात वाटले, तरी त्यांचं पोट भरेना. आमच्याकडं पोरगं नोकरीला लागलं की चौकात फ्लेक्स लागतो. वर पोराचा मोठा फोटो, खाली गोल गोल चौकटीत शुभेच्छुक. आबांना फ्लेक्स नको होता. म्हणाले, "फ्लेक्सचं काय खरं हाय? वारं आलं की फाटतो, न्हायतर कुणाचा वाढदिवस आला की काढत्यात." त्यांच्या एका मित्राचा इंदापुरात छापखाना. त्याच्याकडून त्यांनी रंगीत कव्हरं छापून आणली, थेट सेटच्या मापाची. पोरं सेट घरी नेणार, म्हणजे पोराचा फोटो गावोगाव जाणार, तोही घरात, पुस्तकांत.

मी इंदापूरला गेले होते, परत आले तर म्हातारा दुकानात बसून आपल्या हातानं स्पायरल घालतोय. कव्हरावर भावाचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरात त्याचं पूर्ण नाव, 'वनरक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून आबा, गावातली दोन-चार मोठी माणसं, आणि मधोमध सर. सरांना विचारलंच नव्हतं. आमच्याकडं कुणी विचारत नाही हो. शुभेच्छुकात फोटो टाकणं म्हणजे मान देणं, मान द्यायला परवानगी कसली मागायची? फोटो त्यांनी कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमातला मिळवला होता. मी जरा कुरकुरले, की भूगोलाच्या सेटवर हे नवरदेव कशाला. आबा म्हणाले, "बघ की, आता कसं पुस्तक वाटतंय." आणि खरंच तसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी जीप येऊन थांबली. फौजदार, दोन शिपाई, आणि त्यांच्यासोबत इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस. तो प्रकाशकाचा तपासनीस होता, गावोगाव नकली पुस्तकं पकडत हिंडायचा. त्याचं कामच ते, त्याला मी नावं ठेवत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचं शटर मात्र जीप वळायच्या आधीच खाली आलं होतं. त्यांना कसं कळलं ते त्यांनाच ठाऊक. तपासनिसानं माझ्या रॅकमधले सेट उपसले, बॅगेतून मूळ पुस्तक काढलं आणि प्रकरण शेजारी प्रकरण ठेवून मोबाईलवर शूटिंग सुरू केलं.

मी म्हटलं, हे पुस्तक नाही, सेट आहे, वर्गासाठी सरांनी निवडलाय. तो म्हणाला, "सेटला कव्हर असतं का? हा लेखकाचा फोटो असतो का?" आणि त्यानं ते कव्हर उचलून माझ्या भावाच्या तोंडाशेजारी धरलं.

भाऊ स्टुलावर बसला होता, हातात टोनरची बाटली. मी मधे गेले. दुकान माझं आहे, भिंतीवर लायसन माझ्या नावाचं लावलंय, न्यायचं तर मला न्या, असं मी ओरडून सांगितलं. तपासनीस शांतपणे म्हणाला, की दुकान तुमचं असेल, पुस्तक यांच्या नावाचं आहे. फौजदार कव्हर वाचत उभे होते. त्यांनी भावाला विचारलं, "फॉरेस्टला लागलास?"

"व्हय साहेब," भाऊ म्हणाला. उठून उभा राहून म्हणाला. त्या येड्याला वाटलं, सरकारी माणूस म्हटल्यावर साहेब जरा सबुरीनं घेतील.

मशीन गेली, सेट गेले, उरलेली कव्हरं गेली आणि भाऊ गेला. पोरं रस्त्यावर गोळा झालेली. ज्यांच्या हातात सेट होते त्यांनी ते हळूच बॅगेत सारले. मी एका पोरीला म्हटलं, पळ, सरांना बोलावून आण. ती गेली आणि बऱ्याच वेळानं आली. सर तासावर होते, तास संपल्यावर डोकं दुखतंय म्हणून घरी गेले, असं कॉलेजच्या शिपायानं सांगितलं होतं. गेट माझ्यासमोर. सर मला जाताना दिसले नाहीत, म्हणजे मागच्या दारानं गेले असणार. त्या वेळी मी मनाला समजावलं की डोकं खरंच दुखत असेल.

गुन्ह्यात नाव माझंही घातलं होतं, पण अटक भावालाच झाली; त्याला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. आमच्या वकीलबाई माझ्याच वर्गातल्या, त्याही सरांच्याच हातून शिकलेल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवून नीट समजावलं. कायदा काही झेरॉक्सच्या विरोधात नाही, म्हणाल्या. वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकानं पानं काढली किंवा विद्यार्थ्यानं काढली तर तो गुन्हा होत नाही, तशी मुभाच दिलेली आहे. सेटमधलं एकही पुस्तक अख्खं नाही, वर्गाबाहेर कुणाला विकलेलं नाही, सगळं बसतंय. "पण ही मुभा शिक्षकाला आहे, तुला नाही," त्या म्हणाल्या. "तू त्यांच्या सांगण्यावरून काढलीस, हे त्यांनी म्हणायला पाहिजे. नाहीतर तुम्ही दोघं कव्हर लावून पुस्तक विकणारी माणसं ठरता."

म्हणजे सरांनी ठाण्यात जाऊन जबाब द्यायचा. ही पानं मी निवडली, माझ्या वर्गासाठी निवडली, मीच काढायला सांगितली, बस्स. तेवढ्यावर प्रकरण मिटवायला वाट होती, आणि मिटलं तर पडताळणीचा कागद कोरा जाणार होता. वकीलबाई म्हणाल्या, पडताळणी ठाण्यात यायच्या आत करा. मला हायसं वाटलं. सरांना सांगायचं, एवढंच तर होतं.

मी आणि आबा सरांच्या घरी गेलो. आबांनी धुतलेलं धोतर, टोपी, आणि बरोबर शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा. सरांच्या घरच्या बाईंनी पोहे दिले. सर नेहमीसारखे बोलत होते, पाऊसपाणी, उजनीचं पाणी, मुलांचा आळस. मी मधेच तोडून विषय काढला. सरांनी चष्मा पुसला आणि आबांना विचारलं, "तुम्ही माझा फोटो छापलात. मला एका शब्दानं विचारलंत का?"

आबांनी बशी खाली ठेवली, हात जोडले. "चुकलं सर. अडाण्याची चूक हाय, पोटात घाला. पर पोराचं करा कायतरी."

सर म्हणाले, की त्या कव्हरामुळं सगळं अवघड झालंय. त्यांचं स्वतःचं पुस्तक छपाईला गेलं होतं, आणि कुठं, तर त्याच प्रकाशकाकडं. बारा-चौदा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक. लेखकाच्या बाजूनंही विचार करायला हवा, असं म्हणाले. मी म्हटलं, करा की, मीही करते, म्हणून तर गाइडं काढत नाही मी. पण तुमचा सेट तर गाइड नव्हता. सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. वकीलबाईंनी सांगितलेलं सगळं कलम त्यांना पाठ होतं. आमच्यापेक्षा चांगलं पाठ होतं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "कायदा तुमच्या बाजूनं आहे. मग माझी गरजच काय?"

माझा तोल गेला. म्हटलं, "सर, कायद्याला तोंड नसतं. तोंड तुमचं लागतंय."

आबांनी माझा दंड धरला. सर खिडकीबाहेर बघत राहिले. बाई रिकाम्या बशा उचलायला आल्या आणि तशाच परत गेल्या. पायऱ्या उतरताना मी तोंडाला येईल ते बोलत होते, आणि आबा मलाच गप्प करत होते, की मास्तर माणूस हाय, इचार करत आसंल, सांगंल उद्या. शेंगांची पिशवी सरांच्या पडवीत राहिली. ती परत आणावी असं मला फार वाटलं, पण आबांनी आणू दिली नाही.

सर ठाण्यात गेले नाहीत, तेव्हा ठाण्यातला हवालदार त्यांच्याकडं गेला. वकीलबाईंनी जबाबाची नक्कल काढली. कव्हरावरचा फोटो माझ्या परवानगीशिवाय छापला आहे, हे पहिलं वाक्य. सदर पुस्तिकेशी माझा काही संबंध नाही, हे दुसरं. पहिलं शंभर टक्के खरं होतं. त्या खऱ्याच्या आडोशाला दुसरं उभं केलं होतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसत होती. सर साफ खोटं बोलले असते तर मी चारचौघांत भांडले असते. आता काय म्हणून भांडू? लोक विचारायचे, फोटो विचारून छापला होता का? मी म्हणायची, नाही. मग लोक मान हलवायचे.

पडताळणीच्या कागदावर लिहून गेलं, गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट. वनखात्यानं ऑर्डर थांबवली. भाऊ पुण्याला ऑफिसात खेटे घालत राहिला. तिथला एक कारकून भला होता, त्यानं सांगितलं की निर्दोष सुटून ये, पण लवकर ये, आम्ही जागा किती दिवस धरणार. लवकर! कोर्टाची तारीख पडायची आणि पुढची तारीख घेऊन आम्ही परत यायचो. कधी साहेब रजेवर, कधी तपासनीस गैरहजर, कधी नुसताच उशीर.

आबांनी वेगळंच काढलं. ते एकटेच ठाण्यात गेले आणि म्हणाले, कव्हर मी छापलंय, पोराचा काय संबंध न्हाय, मला आत घ्या. शिपायांनी त्यांना चहा पाजून एसटीत बसवून दिलं. मग ते वनखात्याच्या ऑफिसात गेले, तिथंही तेच सांगितलं. तिथं तर चहाही मिळाला नाही. घरी येऊन म्हणाले, "कुणी ऐकूनच घेत न्हाय गं. गुन्हा माझा हाय तर माझा घ्या म्हनलं, तर हसत्यात." त्या दिवसापासून आबा पारावर जायचे बंद झाले. छापखानेवाला मित्र घरी आला तर आत जाऊन पडायचे. मला त्यांचा राग यायचा, फार यायचा, आणि ताटावर बसले की त्यांचे हात बघून जायचा.

शेवटी प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या पोराला ती जागा गेली. भावाला फोनवर कळलं. तो माळावर गेला, दिवस मावळल्यावर परत आला, जेवला, ताट धुतलं. इतकी वर्षं तो पहाटे उठून पळायला जायचा. दुसऱ्या दिवसापासून उठेना. आबाच सवयीनं उठायचे, त्याच्यासाठी चहा टाकायचे, आणि गार झाला की ओतून द्यायचे.

त्याचं वय तर आधीच संपलं होतं. पुढची भरती निघाली तेव्हा त्यानं जाहिरात वाचलीसुद्धा नाही. माळाच्या कडेला एका कंपनीनं सोलरचा प्लांट टाकला, तिथं तो कंत्राटावर वॉचमन लागला. काचांच्या रांगा राखायच्या. चिंकारा आता कुंपणापलीकडून जातात, म्हणायचा, आत येत नाहीत.

इकडं कॉलेजनं सूचना लावली, की बाहेरच्या दुकानात कोणतंही अभ्याससाहित्य ठेवू नये. प्राध्यापकांनी आपापल्या मास्टर कॉप्या निमूट उचलून नेल्या. मी भाड्यानं एक मशीन आणलं आणि आधारकार्डं, उतारे, मार्कशीटा काढत बसले. पोरं लायब्ररीतल्या एकुलत्या पुस्तकाचे मोबाईलवर फोटो काढायची, अंधुक, बोटं आलेले. कोऱ्हाळ्याच्या एका पोरीकडं स्वतःचा फोनच नव्हता. ती माझ्याकडं येऊन विचारायची, काकू, जुना एखादा सेट राहिलाय का? मी म्हणायची, नाही गं बाई, सगळे कोर्टात आहेत. तिनं पुढं विषय बदलून घेतला. पलीकडच्या गल्लीतलं दुकान मात्र आठ दिवसांत उघडलं. गाइडच्या थप्प्या पूर्वीसारख्याच.

सर निवृत्त झाले आणि पुण्याला मुलाकडं राहायला गेले. त्यांचं पुस्तक निघालं. बारामतीच्या स्टँडवरच्या दुकानात मी ते पाहिलं, चांगलं जाड, सुरेख कव्हर. हातात घेतलं आणि परत ठेवलं.

केस उभी राहिली तेव्हा वकीलबाईंनी सरांना आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून समन्स काढलं. मी म्हटलं होतं, ते येणारच नाहीत, आले तर जबाबाला चिकटून राहतील. ते आले. केस सगळे पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. पिंजऱ्यात उभे राहिले आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात बोलायला लागले. होय, ही पानं मी निवडली. माझ्या वर्गाला त्यावरूनच शिकवलं. दुकानदार बाईंना प्रती काढायला मीच सांगितलं होतं. कव्हर नंतर लावलं गेलं, कौतुकाचं होतं, पुस्तक म्हणून नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, मग पोलिसांना तसं का सांगितलं? सर म्हणाले, त्या वेळी माझ्यावर दडपण होतं. न्यायाधीशांनी खाली मान घालून टिपून घेतलं. प्रकाशकाच्या माणसाला मूळ पुस्तकाशी सेट ताडून बघायला सांगितलं, तोही म्हणाला, अख्खं पुस्तक नाही, काही भाग आहे. झालं. बाहेर बाकावर बसून आबांचा चहा पिऊन व्हायच्या आत सगळं संपलं होतं.

मी मागच्या बाकावर बसून होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं वाटत होतं, एवढंच? एवढ्यासाठी? चार वाक्यं होती ती. त्या दिवशी पोहे खाता खाता म्हणता आली असती. पुढं निकालही आमच्या बाजूनं लागला, दोघंही निर्दोष, शिक्षकानं शिकवण्यासाठी घेतलेली पानं गुन्हा होत नाहीत, असं स्पष्ट लिहिलं. वकीलबाईंनी त्याची प्रत मला लॅमिनेट करायला सांगितली. मी केली नाही.

साक्ष संपवून सर बाहेर व्हरांड्यात आले. भाऊ तिथं उभा होता. त्याला दुपारची पाळी होती, म्हणून तो प्लांटच्या ड्रेसवरच आला होता. मातकट खाकी, खांद्यावर पट्टी, छातीवर कंपनीचा बिल्ला, हातात टोपी. सरांना बघून तो वाकला आणि पायाला हात लावला. त्याच्या जागी मी असते तर लावला नसता. सरांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं, ड्रेसकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा! म्हणजे मिळाली ऑर्डर! लागलास फॉरेस्टला," ते म्हणाले. "मला किती दिवस ते लागून राहिलं होतं. मी म्हटलं नव्हतं, कायदा तुमच्या बाजूनं आहे?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, मी त्या माणसाला तिथं, कोर्टाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर सोलून काढणार होते. भावानं मागं हात करून माझं मनगट घट्ट धरलं.

"व्हय सर," तो म्हणाला. "लागलो."

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चांगलं झालं, चांगलं झालं, दोनदा म्हणाले, डोळे पुसले, आणि पिशवी सांभाळत पायऱ्या उतरून पुण्याच्या गाडीकडं गेले. आबा बाकावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी कप बाकाखाली ठेवला आणि टोपी तोंडावर ओढली.

त्याच्या मोटारसायकलीपाशी आल्यावर मी भावाला धरलं. का रे मेल्या? का सोडलंस त्याला? त्यानं काय केलंय ते त्याला कळायला नको? मी रस्त्यात उभी राहून रडत होते, येणारे-जाणारे बघत होते. भावानं टोपी डोक्यावर घातली, नीट केली.

"आता सांगून काय व्हणार हाय, ताई?" तो म्हणाला. "आख्ख्या दुनियेत एका मानसाला तरी वाटू दे की, मी लागलोय म्हनून."

मग पाळीला उशीर होतोय म्हणाला, आणि गाडीला किक मारली.